‘दृष्टिकोन सकारात्मक आढळला’ या वाक्यापाशी थांबू नका



पेट झाली, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय, अशा टप्प्यावर तुमच्यापैकी बरेच जण असतील. त्यात नर्सिंग, फिजिओ, डेंटल, एमबीबीएस किंवा समाजकार्य अशा शाखांतून आलेल्यांसमोर एक विषय हमखास येतो : ‘बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींची शुश्रूषा करण्याबाबत आरोग्यशाखेच्या विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन’. विषय चांगला आहे आणि सोयीचाही आहे. नमुना हाताशी असतो, कारण आपल्याच कॉलेजची मुलं. प्रश्नावली तयार मिळते. रुग्णाला हात लावायचा नसल्यामुळे एथिक्स कमिटीही फार अडवत नाही. म्हणून या विषयावर पेपर भरपूर निघतात. आज मला त्यांच्याबद्दल जरा कडक बोलायचं आहे.

माझी टीका कुणा एका पेपरवर नाही, साच्यावर आहे. साचा तुम्हाला ओळखीचा असेल. शंभर-दोनशे विद्यार्थी घ्यायचे, त्यांना लिकर्ट पद्धतीची प्रश्नावली द्यायची, म्हणजे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या पाच पायऱ्या. मग एक तासाचं लेक्चर, जमलं तर एक व्हिडिओ. आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा. सरासरी वाढते, पी-मूल्य ०.०५ च्या खाली येतं आणि निष्कर्षात लिहिलं जातं की विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन सकारात्मक आढळला आणि लेक्चरनंतर तो आणखी सुधारला. शिफारस ठरलेली : अभ्यासक्रमात या विषयाला जास्त तास द्यावेत.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. असा पेपर विद्यार्थी स्वतःबद्दल काय सांगतो ते मोजतो. रुग्णाचं ज्यावर जगणं-मरणं अवलंबून आहे ते, म्हणजे त्या विद्यार्थ्याचा निर्णय, तो मोजतच नाही. पुढे मी हे टप्प्याटप्प्याने दाखवते आणि त्याऐवजी काय करता येईल तेही सांगते.

आधी बघू, पणाला काय लागलंय

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटाने बौद्धिक अक्षमता असलेल्या २४७ व्यक्तींच्या मृत्यूंची एकेक करून चौकशी केली. अहवाल २०१३ मध्ये आला. सर्वसामान्य लोकसंख्येच्या तुलनेत हे पुरुष साधारण १३ वर्षं आणि स्त्रिया साधारण २० वर्षं आधी गेलेल्या दिसल्या. बौद्धिक अक्षमता हा काही जीव घेणारा आजार नव्हे. चौकशीत पुन्हा पुन्हा समोर आलं ते हे की आजार ओळखायला उशीर झाला, तपासण्या पुढे गेल्या नाहीत, घरचे सांगत होते त्याकडे लक्ष दिलं गेलं नाही.

हे कसं घडतं, याला संशोधनात एक नाव आहे. त्याला आपण ‘निदानावर पडलेली सावली’ म्हणू. एक उदाहरण घ्या. तिशीतला एक माणूस, बोलणं दोन-चार शब्दांचं. तीन दिवसांपासून तो डोकं भिंतीवर आपटतोय. ओपीडीत त्याला बघणारा म्हणतो, ‘मतिमंद आहे, असं करतातच.’ झोपेची गोळी लिहून दिली जाते. दाढ किडलेली असू शकते, कानात पू असू शकतो, आठवडाभर पोट साफ झालेलं नसू शकतं. पण तोंड, कान, पोट कुणी बघतच नाही, कारण वागण्याचा खुलासा आधीच मिळालेला असतो. माणसावर लावलेलं लेबल आजारावर सावली टाकतं.

आता स्वतःला एक प्रश्न विचारा. ‘असं करतातच’ म्हणणाऱ्या त्या विद्यार्थ्याला दृष्टिकोनाच्या प्रश्नावलीत किती गुण मिळाले असते? कदाचित उत्तम. तो या लोकांचा तिरस्कार करत नाही. उलट त्याला त्यांची कणव येत असेल. ‘त्यांना समाजात मान मिळाला पाहिजे’ या विधानाला तो मनापासून ‘पूर्ण सहमत’ लिहील. चूक त्याच्या भावनेत नाही. ती तपासणीत आहे, आणि ती आपल्या प्रश्नावलीच्या कक्षेतच येत नाही.

०.२ ची वाढ म्हणजे नेमकं किती?

थोडं गणित करू. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत. समजा विद्यार्थी १००, प्रश्न २०, प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण. लेक्चरआधी सरासरी ३.८, नंतर ४.०. प्रत्येकाच्या दोन वेळच्या गुणांतल्या फरकाचं प्रमाण विचलन ०.६. टी-मूल्य काढायचं तर ०.२ ला ०.०६ ने भागा (०.६ भागिले १०० चं वर्गमूळ). उत्तर ३.३३. पी साधारण ०.००१. टेबलमध्ये दोन तारे लागतात, परीक्षक खूश.

पण ०.२ म्हणजे काय? वीस प्रश्नांपैकी चार प्रश्नांत विद्यार्थी एकेक पायरी वर सरकला. ‘सहमत’ होतं तिथे ‘पूर्ण सहमत’ झालं. आणि हे कधी? ज्या मॅडमनी लेक्चर घेतलं, त्यांनीच प्रश्नावली वाटली आणि इंटर्नल मार्कही त्यांच्याच हातात आहेत, तेव्हा. पेपरवर नाव नसलं म्हणून काय झालं, वर्गातल्या मुलांना काय लिहायचं ते बरोबर कळतं. याला ‘सामाजिक इष्टता’ म्हणतात, म्हणजे चांगलं दिसेल असं उत्तर देण्याची ओढ. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर ही वाढ लेक्चरमुळे झाली की तीच प्रश्नावली दुसऱ्यांदा भरल्यामुळे, हेसुद्धा सांगता येत नाही.

इथे एक बचाव नेहमी ऐकू येतो : ‘आमच्या स्केलचा क्रोनबॅक अल्फा ०.८५ आहे.’ छान. अल्फा एवढंच सांगतो की प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळतात. वीसच्या वीस प्रश्नांना मुलांनी सारख्याच सभ्यपणे उत्तरं दिली तरी अल्फा उंचच येईल. तेव्हा तुमच्या स्केलने सभ्यता मोजली असेल, आणि मोठ्या विश्वसनीयतेने मोजली असेल. विश्वसनीयता आणि वैधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण व्हायव्हात पाठ म्हणून दाखवतो, पण स्केल निवडताना विसरतो.

‘सकारात्मक’ म्हणजे कोणत्या दिशेला?

ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. दृष्टिकोन ही एक सरळ रेषा आहे, डावीकडे वाईट आणि उजवीकडे चांगला, असं हा साचा गृहीत धरतो. पण जुन्या, नावाजलेल्या स्केलच्या आत डोकावून बघा.

अपंग व्यक्तींविषयीचा दृष्टिकोन मोजणारं युकर, ब्लॉक आणि कॅम्पबेल यांचं स्केल १९६० चं. त्याच्या मुळाशी तर्क असा की अपंग व्यक्ती इतरांसारखीच आहे असं मानणारा सकारात्मक आणि वेगळी आहे असं मानणारा नकारात्मक. माणूस म्हणून हे ठीकच. पण वॉर्डात? डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीत थायरॉइडचा त्रास जास्त आढळतो, तिला समजावायला जास्त वेळ लागतो, वेदना ती वेगळ्या पद्धतीने दाखवू शकते, हे जाणणारी नर्स ‘वेगळेपण’ बघतेय, आणि ते तिने बघायलाच हवं. म्हणजे ज्ञान वाढलं की अशा स्केलवर गुण घसरू शकतात.

दुसरं स्केल १९९६ चं, समाजात राहण्याविषयीच्या दृष्टिकोनाचं. हेन्री आणि सहकाऱ्यांनी ते अमेरिकेत तयार केलं. हे जास्त समंजस आहे, कारण ते एकच गुण देत नाही, चार वेगळे देते : सक्षमीकरण, वगळणं, संरक्षण आणि सारखेपणा. एखादा माणूस या लोकांना वगळायच्या पूर्ण विरोधात असू शकतो आणि तरीही त्यांना कायम कुणाच्या तरी देखरेखीखाली ठेवावं असं मानू शकतो, हे त्यातून दिसतं. आपल्याकडे मात्र अनेकदा सगळे गुण एकत्र करून ‘एकूण दृष्टिकोन’ काढला जातो, आणि जे बघण्यासारखं होतं तेच त्या बेरजेत हरवतं.

ही बारीकसारीक तांत्रिक बाब वाटत असेल, तर आपल्याच राज्यातली एक गोष्ट आठवा. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर इथल्या मतिमंद मुलींच्या संस्थेतल्या मुली-स्त्रियांची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्याच्या ससून रुग्णालयात झाल्या. त्यांना कसलाही आजार नव्हता. कारण दिलं गेलं ते पाळीच्या काळातल्या स्वच्छतेचं. स्त्री-संघटना आणि अपंगांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळचे युक्तिवाद वाचा. त्यात द्वेष सापडत नाही. त्यांची सोय, त्यांची काळजी, त्यांचं रक्षण अशीच भाषा आहे. त्या लोकांना एकूण गुणांचं स्केल दिलं असतं, तर त्यांचा दृष्टिकोन ‘सकारात्मक’ निघाला असता असं मला वाटतं. संरक्षणाचा गुण वेगळा काढला असता, तर कदाचित धोक्याची घंटा वाजली असती.

पुढे २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला. सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली, सरकारी आश्रयगृहात राहणारी एक तरुणी तिथे झालेल्या बलात्कारातून गरोदर राहिली. तिला मूल हवं होतं. उच्च न्यायालयाने तिच्या हितासाठी म्हणून गर्भपाताचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रोखला. गर्भपाताचा कायदा मनोरुग्ण स्त्रीच्या बाबतीत पालकाची संमती चालवतो, बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्रीच्या बाबतीत तिची स्वतःची संमती लागते, हा फरक न्यायालयाने स्पष्ट केला. आता मला सांगा, आपल्या प्रश्नावल्यांत ‘मनोरुग्ण’ आणि ‘बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती’ यांत फरक करता येतो का, हे तपासणारा एक तरी प्रश्न असतो का? ‘संमती कुणाची घ्याल?’ हा प्रश्न असतो का?

भाषांतराचा घोळ

इंग्रजी स्केल मराठीत आणायचं, दोघांकडून भाषांतर, दोघांकडून उलट-भाषांतर, झालं काम. पद्धत म्हणून ठीक. पण शब्द कोणता वापरलात? ‘मतिमंद’ म्हटलं की एक चित्र उभं राहतं, ‘गतिमंद’ म्हटलं की दुसरं, ‘विशेष मूल’ म्हटलं की तिसरं, आणि ‘बौद्धिक अक्षमता’ म्हटलं की पहिल्या वर्षाच्या निम्म्या मुलांना नेमकं कोण ते कळतच नाही. ‘विशेष मूल’ या शब्दाने तर चाळीस वर्षांचा माणूसही लहान होतो. मग पहिल्या प्रश्नावलीत एक शब्द, लेक्चरमध्ये दुसरा, असं झालं तर गुणांतला फरक शब्दामुळे आला की विचारामुळे?

शब्दाच्या पलीकडेही अडचण आहे. समाजात राहण्याविषयीचं ते स्केल ज्या अमेरिकेत तयार झालं, तिथे लोक मोठमोठ्या संस्थांतून बाहेर काढून वस्तीतल्या छोट्या घरांत आणले जात होते. त्यातल्या विधानांना तो संदर्भ आहे. आपल्याकडे बौद्धिक अक्षमता असलेली बहुतेक माणसं आई-वडील, भाऊ-वहिनी यांच्याबरोबरच राहतात. ‘स्वतंत्र राहणं’ या शब्दांचा अर्थ साताऱ्याकडच्या एकत्र कुटुंबातल्या विद्यार्थिनीसाठी वेगळाच असतो. तिच्या घरात अक्षमता नसलेलं माणूसही स्वतंत्र राहत नाही! तिने ‘असहमत’ लिहिलं, तर तो या लोकांबद्दलचा पूर्वग्रह आहे की घराबद्दलची तिची समजूत? एकेका विधानावर आठ-दहा विद्यार्थ्यांना मोठ्याने विचार करायला लावा, ‘हे वाचून तुझ्या मनात काय आलं ते बोल’ म्हणा. दोन दुपारी पुरतात. उलट-भाषांतरापेक्षा यातून कितीतरी जास्त कळतं.

३ डिसेंबरची भेट

साच्याचा आणखी एक लाडका निष्कर्ष : ‘ज्यांचा पूर्वी संपर्क आला होता त्यांचा दृष्टिकोन जास्त सकारात्मक आढळला.’ संपर्क कसा मोजला? ‘होय / नाही’ अशा एका चौकोनाने.

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये संपर्काने पूर्वग्रह कमी होण्यासाठी अटी मांडल्या : दोन्ही बाजूंचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट एक असावं, ते मिळवायला एकमेकांची मदत लागावी आणि त्यामागे संस्थेचं पाठबळ असावं. आता ३ डिसेंबरला, म्हणजे जागतिक अपंग दिनी, आपली बस विशेष शाळेत जाते ते आठवा. मुलं रांगेत बसलेली, आपण बिस्किटं आणि फळं वाटतो, ती गाणं म्हणून दाखवतात, ग्रुप फोटो होतो, चारला परत. ऑलपोर्टच्या चार अटींपैकी यात किती बसतात? फार तर शेवटची. देणारा एक आणि घेणारा एक, अशा भेटीतून दया वाढते, आणि तीच आपण पुढे उत्तरचाचणीत मोजतो.

उलट लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय शाळेतला प्रयोग बघा. तिथे बौद्धिक अक्षमता असलेल्या अभिनेत्यांनी रुग्णाची भूमिका केली, विद्यार्थ्यांनी त्यांच्याशी बोलून माहिती घेतली, आणि विद्यार्थी कुठे घाईत होता, कुठे कळेल असं बोलला, हे त्या अभिनेत्यांनीच त्याला सांगितलं. इथे शिकवणारे ते आणि शिकणारा विद्यार्थी. संपर्क दोन्हीकडे आहे, पण ‘होय / नाही’च्या चौकोनात दोन्ही सारखेच दिसतील.

सांगणं वेगळं, करणं वेगळं

संशोधन पद्धतीच्या पेपरला तुम्ही रिचर्ड लापिएर यांचं नाव वाचलं असेल. त्यांनी १९३० च्या सुमारास एका चिनी दांपत्याबरोबर अमेरिकाभर प्रवास केला. हॉटेलं, खानावळी मिळून २५१ ठिकाणी गेले, नकार एकदाच मिळाला. नंतर त्यांनी त्याच ठिकाणी पत्र पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ लिहिलं. १९३४ चा हा पेपर जसाच्या तसा स्वीकारू नका, त्यातही खोट आहे : बरोबर गोरे प्राध्यापक होते, आणि पत्राला उत्तर देणारा तोच काउंटरवर होता असं नाही. पण त्यातला मुद्दा टिकून आहे. कागदावरचं उत्तर आणि दारातलं वागणं यांत अंतर असतं, आणि ते कोणत्या दिशेने असेल हे आधी सांगता येत नाही.

मग चांगला प्रश्न कसा विचारतात? दोन नमुने देते.

पहिला, लिसा इझोनी आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा अमेरिकन सर्वेक्षणाचा पेपर. ७१४ डॉक्टरांना विचारलं. हा सगळ्या प्रकारच्या अपंगत्वाबद्दल होता, फक्त बौद्धिक नव्हे. ८२.४ टक्के डॉक्टरांना वाटत होतं की लक्षणीय अपंगत्व असलेल्यांचं जीवनमान इतरांपेक्षा वाईट असतं. आपण त्यांना तितक्याच दर्जाची सेवा देऊ शकतो याची पक्की खात्री असलेले फक्त ४०.७ टक्के. इथेही स्वतःचं सांगणंच मोजलंय, पण प्रश्न धारदार आहेत. ‘तुम्हाला त्यांच्याबद्दल आदर आहे का’ असं न विचारता, ज्या समजुतीवर उपचाराचा निर्णय बेततो ती समजूत विचारली. रुग्णाचं आयुष्यच वाईट आहे असं मानणारा डॉक्टर अतिदक्षता विभागाच्या दारात काय ठरवेल, याचा विचार करा.

दुसरा नमुना जुना, १९८२ चा, रीस आणि सहकाऱ्यांचा, सावलीचा तो शब्दप्रयोग जिथून आला तो. त्यांनी मानसशास्त्रज्ञांना एकाच माणसाची हकिगत दिली, त्याला वाटणाऱ्या तीव्र भीतीची. बदल एवढाच की काहींच्या कागदावर त्याला बौद्धिक अक्षमता होती, काहींच्या नव्हती. भीती तीच, शब्द तेच. तरीही बौद्धिक अक्षमता लिहिली की त्या भीतीकडे स्वतंत्र मानसिक त्रास म्हणून बघण्याचं प्रमाण कमी झालं. ‘तुमचा पूर्वग्रह आहे का’ असं कुणालाही विचारलं नाही. दोन गटांच्या निर्णयांतला फरकच बोलला.

हे तुम्हाला तुमच्या कॉलेजात, जवळजवळ फुकटात करता येतं. एक केस लिहा : ‘३५ वर्षांचा पुरुष, चार दिवसांपासून जेवण कमी, रात्री झोप नाही, चिडचिड वाढली आहे, अधूनमधून पोट धरून बसतो.’ निम्म्या प्रतींत एक ओळ जास्त : ‘त्याला बौद्धिक अक्षमता असून तो मोजकेच शब्द बोलतो.’ प्रती चिठ्ठ्या टाकून वाटा. खाली एकच खुला प्रश्न : ‘तुम्ही पहिल्या तीन गोष्टी कोणत्या कराल?’ मग दोन परीक्षकांनी, कोणती प्रत आहे हे न बघता, मोजायचं : पोट तपासण्याचा उल्लेख किती जणांनी केला? रुग्णाशी स्वतः बोलण्याचा? वेदना मोजण्याचा? की सरळ मनोविकार विभागाकडे पाठवलं? दोन परीक्षकांचं एकमत किती, त्याचा कप्पा काढा. हाही कागदच आहे, वॉर्ड नव्हे, हे मर्यादांमध्ये लिहा. पण आता तुम्ही निर्णय मोजताय.

मग स्केल फेकून द्यायचं का?

नाही. गाइडही देणार नाहीत! आणि स्केलचा खरा उपयोग आहे. नव्या कॉलेजमध्ये मुलं कुठून सुरुवात करतात, कोणत्या उपभागात अडतात, हे कळायला ते बरं. फक्त त्याला एकटं सोडू नका. बाजूला दोन आवृत्त्यांची केस ठेवा. किंवा प्रात्यक्षिक परीक्षेत एक टेबल या विषयाचं लावा आणि निरीक्षणाची यादी करा : आधी रुग्णाला नमस्कार केला की सोबतच्याला? छोटी वाक्यं वापरून उत्तरासाठी थांबला का? ‘एरवी हे कसे असतात?’ असं घरच्यांना विचारलं का? हात लावण्याआधी सांगितलं का? मग स्केलवर जास्त गुण मिळवणारे इथेही पुढे आहेत का, ते बघा. असतील तर स्केलची वैधता तुम्ही सिद्ध केलीत. नसतील तर त्याहून मोठी गोष्ट सापडली.

आणि एक माणूस या सगळ्या साच्यात कुठेच नसतो, ज्याच्याबद्दल हे चाललंय तो. विद्यार्थ्यांना विचारतो, शिक्षकांना विचारतो, कधी पालकांनाही विचारतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तीला ‘दवाखान्यात तुमच्याशी कोण कसं वागलं?’ असं विचारत नाही. ‘त्यांना सांगता येत नाही’ हे नेहमीचं उत्तर. काहींना खरंच येत नाही. पण अनेकांना येतं, चित्रं वापरून, सोप्या शब्दांत, सावकाश विचारलं तर. संमतीपत्रही सोप्या भाषेत करावं लागेल, वेळ जास्त जाईल, एथिक्स कमिटी दोनदा बोलावेल. तो त्रास घेण्यासारखा आहे. निरीक्षणाच्या यादीत काय असावं हे अशा पाच-सहा जणांना विचारून ठरवलंत, तर तुमचं साधन कुठल्याही आयात स्केलपेक्षा सरस होईल.

२०११ च्या जनगणनेत देशात १५ लाखांहून जास्त माणसं या गटात नोंदली गेली. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम ४७ डॉक्टर, नर्स, पॅरामेडिकल कर्मचारी, अगदी आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्याही शिक्षणात अपंगत्वाचा विषय घालायला सांगतं. म्हणजे तास वाढवा ही शिफारस कायद्याने केव्हाच केलेली आहे. त्या तासांत काय शिकवल्याने वॉर्डातलं वागणं बदलतं, हे मात्र कायदा सांगू शकत नाही. ते संशोधकाने शोधायचं.

या आठवड्यात या विषयावरचा एक पेपर काढा आणि पेन्सिल घेऊन पाच प्रश्न विचारा. स्केलमधला ‘सकारात्मक’ शब्द रुग्णाच्या दृष्टीने सकारात्मक आहे का? वाढलेले गुण म्हणजे किती प्रश्नांत किती पायऱ्या? प्रश्नावली कुणी वाटली? संपर्क कोणत्या प्रकारचा होता? विद्यार्थ्याचा एक तरी निर्णय कुठे मोजलाय का? पाचव्या प्रश्नाला ‘नाही’ आलं, तर तुमच्या सिनॉप्सिसमधली ‘संशोधनातील उणीव’ तुम्हाला तिथेच मिळाली. ती तुमच्या शब्दांत लिहा आणि गाइडकडे घेऊन जा.